नवख्या खेळाडूचे वर्ष कोणाच्या मालकीचे?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल हा केवळ खेळ नाही, ती एक व्यवस्था आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, शिरस्त्राण घालून समोरच्याच्या अंगावर धावून जाण्याचा हा खेळ. शनिवारी एकेका मैदानावर लाख-लाख माणसे बसतात आणि दूरचित्रवाणीचे करार अब्जावधी डॉलरचे होतात. मोठ्या विद्यापीठांच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी शोधावे लागतात, पण त्याच विद्यापीठांच्या संघात ते शोधावे लागत नाहीत! या खेळात दरवर्षी हंगामाच्या तोंडावर एक वाद झडतो. अठरा वर्षांच्या नवख्या पोराला लगेच मैदानात उतरवायचे की वर्षभर बाकावर बसवायचे? आंबेडकरी वाचकाने हा वाद परका समजू नये. ‘अजून तयारी नाही’, ‘अनुभव नाही’, ‘थोडे थांबा’ ही वाक्ये आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

थांबवण्याचा इतिहास आधी पाहू. कॉलेजच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला तिकडे फ्रेशमन म्हणतात. १९७२ पर्यंत फ्रेशमनला मुख्य संघातून फुटबॉल खेळण्यास सर्वसाधारणपणे बंदी होती. कारण सांगितले जाई अभ्यासाचे, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण या नियमाचे एक चित्र डोळ्यांसमोर आणा. १२ सप्टेंबर १९७०, अलाबामातील बर्मिंगहॅम शहर. अलाबामा विद्यापीठाचा संपूर्ण गोरा संघ आणि समोर कॅलिफोर्नियाहून आलेला यूएससीचा संघ. त्यात क्वार्टरबॅक जिमी जोन्स, क्लॅरेन्स डेव्हिस आणि सॅम कनिंगहॅम हे तिघेही कृष्णवर्णीय. कनिंगहॅम दुसऱ्या वर्षाचा, मुख्य संघातून त्याचा तो पहिलाच सामना. त्या नवख्याने १३५ यार्ड धाव घेतली, दोन टचडाऊन केले आणि यूएससीने ४२-२१ असा विजय मिळवला. अलाबामाने शिष्यवृत्ती देऊन घेतलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विल्बर जॅक्सन त्या दिवशी तिथेच होता, पण प्रेक्षकांत! तो फ्रेशमन होता ना. त्याला मैदान मिळाले १९७१ मध्ये.

१९७२ मध्ये बंदी उठली. न्यायबुद्धी जागी झाली म्हणून उठली असे कोणी समजू नये. फ्रेशमनांचा वेगळा संघ पोसण्याचा खर्च वाचावा हे त्यामागचे मोठे कारण होते. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. काळ्या पँथरांचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या त्या पोरांपैकी नामदेव ढसाळ तेव्हा विशी नुकती ओलांडलेले होते. त्यांना अनुभवाचा दाखला कोणी मागितला नाही, कारण त्यांनी परवानगीच मागितली नाही.

पॉल रॉबसन हे नाव चळवळीतल्या जुन्या माणसांना सांगायला नको. हा थोर गायक, नट आणि लढवय्या १९१५ साली सतराव्या वर्षी रटगर्स कॉलेजात आला. सरावाच्या पहिल्याच दिवशी स्वतःच्याच संघातील गोऱ्या खेळाडूंनी त्याचे नाक फोडले. तो टिकला. १९१६ मध्ये वॉशिंग्टन अँड ली या दक्षिणेतील कॉलेजने काळ्याविरुद्ध खेळण्यास नकार दिला, तेव्हा रटगर्सने त्याला बसवले. तयारी कमी होती? नाही. १९१७ आणि १९१८ मध्ये तोच देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत होता. पुढे १९२३ साली त्याने कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. (बाबासाहेब १९१३ मध्ये याच कोलंबियात पोहोचले तेव्हा तिथे फुटबॉल बंद होते. खेळातील क्रौर्यामुळे १९०५ नंतर ते थांबवण्यात आले आणि १९१५ मध्ये पुन्हा सुरू झाले.) बाकावर बसवण्याचे कारण खेळातले असते आणि खेळाबाहेरचेही असते. दोन्हींना नाव मात्र एकच दिले जाते, ‘अनुभव’.

आता खेळातले खरे कारण. ते नाकारून चालणार नाही, आणि आपल्या बाजूच्या काही लेखकांनी प्रत्येक नकारात जातच पाहण्याची जी सवय लावून घेतली आहे ती मला मान्य नाही. आघाडीच्या फळीत समोरासमोर टकरा घेणारे खेळाडू १३०-१४० किलो वजनाचे असतात. बावीस वर्षांच्या अशा गड्यासमोर शाळेतून कालच आलेला पोरगा उभा केला तर त्याचा गुडघा जाईल, मान जाईल, डोक्याला मार बसेल. तिथे एक वर्ष वजन, ताकद आणि पायांची ठेवण कमावण्यात घालवणे शहाणपणाचे. धावणाऱ्याचे तसे नाही. हर्शेल वॉकर १९८० मध्ये जॉर्जियाकडून पहिल्याच सामन्यात बाकावरून उठून आला, दोन टचडाऊन करून गेला आणि त्या वर्षी जॉर्जिया राष्ट्रीय विजेता झाला. क्वार्टरबॅकचे आणखी वेगळे. त्याला हाताइतकाच डोळा लागतो, समोरचा बचाव कोठे सरकणार हे चेंडू हाती येण्याआधी वाचावे लागते. म्हणजे ‘नवख्याला कधी खेळवावे’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जागा पाहावी, शरीर पाहावे, आणि मग ठरवावे.

पण ठरवतो कोण? खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याची मुभा अशी तिकडची जुनी रीत. एक वर्ष सराव करायचा, सामना खेळायचा नाही आणि हंगाम शिल्लक ठेवायचा, याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. कागदावर ही सवलत खेळाडूची. प्रत्यक्षात निर्णय प्रशिक्षकाचा. त्यात १९७३ पासून शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली, दरवर्षी नूतनीकरण. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा आली ती थेट २०१२ मध्ये. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर चाळीस वर्षे हा मुलगा हंगामी कर्मचारी होता. आणि हंगामी कर्मचारी साहेबाला ‘मला का बसवले?’ असे विचारत नाही, हे आपल्या नगरपालिकांतील सफाई कामगारांना वेगळे सांगायला नको.

बाकावर बसवले म्हणजे मुलगा सुरक्षित झाला, असेही नाही. मेरीलँड विद्यापीठात २०१८ च्या मे महिन्यात आघाडीच्या फळीतला एक १९ वर्षांचा रेडशर्ट खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये मरण पावला. विद्यापीठाने नंतर जबाबदारी मान्य केली. तो कोणत्या सामन्यात पडला नाही. तो ‘तयारी’ करत होता.

गुणवत्तेचा प्रश्न यात केव्हा घुसला? १९८३ मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने ‘प्रपोझिशन ४८’ संमत केले आणि १९८६ पासून लागू केले. शाळेतील गुणांबरोबर सॅट परीक्षेत ७०० गुण हवेत. नाही तर पहिले वर्ष बाहेर आणि एक हंगामही गेला. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांच्या प्रमुखांनी विरोध केला. उलट १९६८ च्या ऑलिम्पिकमधील निषेधामागचे समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स यांनी नियमाची बाजू घेतली. कॉलेजे आमच्या पोरांची शरीरे वापरतात आणि त्यांना अडाणी ठेवून परत पाठवतात, हा त्यांचा संताप होता. ‘शिका’ हा पहिला मंत्र मानणाऱ्या मला एडवर्ड्स यांचा संताप समजतो. पण कट-ऑफच्या एका आकड्यावर मुलाचे वर्ष कापणे हा शिक्षणाचा आग्रह नव्हे. शाळा गरीब ठेवायची आणि शिक्षा मुलाला करायची, हा तो प्रकार. क्युरटन विरुद्ध एनसीएए या खटल्यात मार्च १९९९ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने सांगितले की या किमान गुणांचा फटका कृष्णवर्णीयांना विषम प्रमाणात बसतो. डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. गुणांची अट न्याय्य आहे म्हणून नव्हे, तर तो कायदा एनसीएएला अशा रीतीने लागू होत नाही म्हणून! माझ्या वकील मित्रांनी हे निकालपत्र जरूर वाचावे. तांत्रिक मुद्द्यावर न्याय कसा हुकतो हे पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही, पण तिथेही ते दिसते. शेवटी २०२३ मध्ये एनसीएएने स्वतःच परीक्षेची अट काढून टाकली.

आणि ज्याला संधी मिळायची त्याला ती कोणत्या जागेवर मिळायची? शाळेत क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलाला कॉलेजात आल्यावर धावण्याच्या किंवा बचावाच्या जागेवर ढकलणे ही अनेक दशकांची रीत होती. विचार करणारी जागा गोऱ्याची, धावणारी काळ्याची. चातुर्वर्ण्य काय वेगळे सांगते? कॉन्ड्रेज हॉलोवे १९७२ मध्ये टेनेसीकडून दक्षिणेतल्या त्या बड्या गटाचा पहिला काळा क्वार्टरबॅक झाला. वॉरन मून वॉशिंग्टनकडून रोझ बाउल जिंकूनही १९७८ मध्ये एनएफएलच्या निवडीत त्याचे नाव आले नाही. तो कॅनडात खेळायला गेला, आणि २००६ मध्ये त्याच व्यावसायिक खेळाच्या सन्मान दालनात दाखल झाला.

नवख्याला कसे उतरवावे याचे चांगले उदाहरण म्हणून मी ८ जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्याकडे पाहतो. अलाबामा मध्यंतराला जॉर्जियाविरुद्ध ०-१३ मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून तुआ टागोवाइलोआ या फ्रेशमनला उतरवले. ज्यादा वेळेत त्याने ४१ यार्डांचा निर्णायक चेंडू फेकला, तो झेलणारा डेव्हॉन्टा स्मिथही फ्रेशमनच. २६-२३. लोक याला सेबनचा जुगार म्हणतात. मला तो जुगार वाटत नाही. हंगामभर जिंकत आलेल्या सामन्यांच्या उत्तरार्धात तुआला त्यांनी मैदान दिले होते, म्हणजे त्याला वाट पाहायला लावताना शिकवलेही होते. शिवाय हर्ट्स संपला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध, तुआ जखमी झाल्यावर हर्ट्सने येऊन सामना जिंकून दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुपर बाउलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका वाईट अर्ध्यावरून त्याची गुणवत्ता ठरवणारे तेव्हा कुठे होते?

२०१८ साली नियम सैल झाला. चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम शिल्लक ठेवता येऊ लागला. नवख्यांना चव घेता यावी हा हेतू. त्याचा पहिला गाजलेला फायदा मात्र घेतला एका अनुभवी खेळाडूने. क्लेम्सनने चार सामन्यांनंतर केली ब्रायंटच्या जागी ट्रेव्हर लॉरेन्स या फ्रेशमनला नेमले. ब्रायंटने संघ सोडला, हंगाम वाचवला आणि मिझुरीला गेला. क्लेम्सन १५-० ने अजिंक्य ठरले. ब्रायंटला काहींनी पळपुटा म्हटले. मी नाही म्हणणार. आपले वर्ष आपल्या मालकीचे आहे, हे त्याने नियमाचे पुस्तक हातात घेऊन दाखवले.

आता पैसा उघडपणे आला आहे. २०२१ च्या अल्स्टन निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात कौल दिला. जून २०२५ च्या तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. ही कमाई हक्काची आहे. पण नोकरी वाचवू पाहणारा प्रशिक्षक आता शिकवत बसण्यापेक्षा दुसऱ्या विद्यापीठातून तेवीस वर्षांचा तयार गडी विकत घेतो, आणि गरीब वस्तीतून आलेला अठरा वर्षांचा मुलगा पुन्हा बाकावर.

आपल्याकडे हे बाक ओळखायला कठीण नाही. सतरंज्या तरुणांनी घालायच्या, पत्रके तरुणांनी वाटायची, मोर्चात लाठी तरुणांनी खायची आणि व्यासपीठावर तीस वर्षे तेच चेहरे! ‘अनुभव नाही’ हे प्रस्थापितांचे वाक्य आमच्या गटातटांच्या नेत्यांना इतके पाठ कसे झाले?

अमेरिकेतील खेळाडूंचे वकील आता करार लिहू लागले आहेत. त्यात रकमेच्या कलमाखाली आणखी तीन कलमे असावीत असे मी सुचवीन. रेडशर्टचा निर्णय खेळाडूच्या लेखी संमतीने व्हावा. बसवले तर कारण लेखी द्यावे आणि त्या वर्षात काय शिकवणार तेही लिहावे. आणि पहिल्याच सामन्यात चेंडू हातून निसटला, तर दुसऱ्या सामन्याची संधी करारानेच मिळावी.