पदवीबरोबर आणखी काय?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘या कोर्सनंतर नोकरी लागेल ना?’ प्रश्न रास्त आहे. फी भरण्यासाठी कुणा अब्बूंनी जादा पाळी केलेली असते, कुणा अम्मीने दागिना गहाण ठेवलेला असतो. पण तीन-चार वर्षांनी आपली मुले गुणपत्रिकेशिवाय आणखी काय घेऊन येतील, हे आपण फारसे विचारत नाही. नवे काही सुचणे आणि ते चार जणांना सोबत घेऊन तडीस नेणे, याचा पेपर कुठेच नसतो. कामाच्या ठिकाणी मात्र त्याची गरज रोज पडते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या बहिणीने, जोहरा यांनी, सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून भावाच्या प्रवेशाची सोय केली, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्या प्रवेशानंतर मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काय घडले, तेही सांगायला हवे. कलाम आणि त्यांच्या चार सहाध्यायांना एका लढाऊ विमानाचा आराखडा तयार करायचा होता. त्यांनी कामे वाटून घेतली. विमानाच्या बाह्य रचनेचे काम कलामांकडे आले. संचालक प्रा. श्रीनिवासन यांना ते पसंत पडले नाही. कलामांनी महिन्याची मुदत मागितली, मिळाले तीनच दिवस. सोमवारी सकाळी आराखडा दिसला नाही, तर शिष्यवृत्ती बंद! कलाम जेवण सोडून रात्रभर ड्रॉइंग बोर्डाशी बसले आणि वेळेत काम करून दाखवले.

खरे काम, वाटून घेतलेली जबाबदारी, तोंडावर ऐकलेली टीका आणि टळू न शकणारी मुदत, या चार गोष्टींतून नेतृत्व घडते. भाषणाच्या टाळ्यांतून ते घडत नाही.

अशी संधी आपल्याकडच्या कॉलेजांतही असते, पण ती आपणहून शोधावी लागते. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एन.एस.एस.मध्ये, विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या शिबिरात राहतो. पन्नास जणांचा स्वयंपाक वेळेत कसा होईल, हे तिथे ज्याच्या अंगावर पडते तो पुष्कळ शिकतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत विज्ञानाबरोबर कला, वाणिज्य आणि शेती या विषयांचेही संशोधन मांडता येते. ‘आमचा मुलगा आर्ट्सचा, त्याचा याच्याशी काय संबंध?’ असे म्हणायला जागा नाही. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये सहा विद्यार्थ्यांचा संघ लागतो आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते.

स्पर्धा नसली तरी अडत नाही. शिष्यवृत्तीचेच पाहा. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही, बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते, एवढ्या कारणांनी हक्काचे पैसे जातात. द्वितीय वर्षाच्या पाच मुलांनी कागदपत्रांची सोप्या मराठीत यादी केली, प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या दाराशी टेबल मांडले आणि कुणाचा अर्ज कुठे अडला याची वही ठेवली, तर तेही नवे काम आहे. वर्षअखेरीस वही पाहिली की आपली युक्ती कुठे चालली आणि कुठे फसली ते कळते. मालेगाव-भिवंडीच्या मुलाला यंत्रमागाचा कानठळ्या बसवणारा आवाज पुस्तकात वाचावा लागत नाही. तो कमी कसा करता येईल, हा त्याच्या घरातूनच आलेला प्रकल्प आहे.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. मुलगा शिबिराला निघाला की आपण पिशवी भरून देतो, मुलगी निघाली की ‘काही गरज नाही’ म्हणतो. तिच्या सुरक्षिततेची काळजी खरी आहे, पण काळजीचे उत्तर चौकशी हे आहे. मुक्काम कुठे आहे, सोबत कोणत्या मॅडम आहेत, त्यांचा फोन नंबर काय, हे विचारावे, हवे तर कॉलेजात जाऊन भेटावे आणि मग ठरवावे. दर वेळी न विचारताच नकार मिळाला, तर मुलगी पुढच्या वेळी विचारणेच सोडून देते. तिच्या जागी दुसरी कुणी संघाची प्रमुख होते आणि आपली मुलगी इतरांच्या सूचना लिहून घेत बसते.

दुसरे, अपयशाचे. १० ऑगस्ट १९७९ रोजी कलामांच्या नेतृत्वाखालील एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. मुलांचा प्रकल्प पहिल्या फेरीत बाद झाला, तर ‘तरी सांगत होतो, अभ्यास कर’ हे वाक्य गिळावे आणि ‘पुढच्या वेळी काय बदलाल?’ एवढेच विचारावे.

या महिन्यात एका संध्याकाळी जेवणानंतर घरातल्या कॉलेजकुमारांना विचारू या, ‘तुमच्या कॉलेजात कोणती गोष्ट नीट चालत नाही आणि ती सुधारायला तुम्ही कुणाला सोबत घ्याल?’ उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलायचे नाही, एवढे पथ्य आपण मोठ्यांनी पाळायचे.