पैसा तिच्या हाती, सातबारा त्याच्या नावावर

रमजान सरत आला की रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत मुंबईहून पैसे येऊ लागतात. ईदचे कपडे, फित्रा, दुकानदाराची उधारी यांतच ते बहुतेक संपतात. शेजारच्या वाडीत हेच गणपतीच्या आधी घडते. एकेकाळी कोकण मनीऑर्डरवर जगे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि कोकणातल्या, घाटावरच्या चुली मंदावल्या.

आज पैसा मोबाइलवर क्षणात येतो. त्यातून मुले शिकतात, आजारपणे निभावतात, चिरेबंदी घरे उभी राहतात. शेतात मात्र तो क्वचितच उतरतो. भात लावायला माणसे लागतात, आणि तीच तर शहरात! २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९.

म्हणजे घर, शेत, म्हातारे सासू-सासरे सगळे बाईच्या माथी. पण सातबारा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, आणि पीककर्जाला बँक तोच मागते. पैसा तिच्या हाती येतो; तो कुठे लावायचा, हे फोनवर ठरते. आमच्याकडे शरियतने दिलेला स्त्रीचा वाटा प्रवचनांत भरपूर ऐकू येतो, तलाठ्याच्या दप्तरात कमी दिसतो. हिंदू शेजाऱ्यांचेही फार वेगळे नाही.

‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेत पतीने अर्ज केला की पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. ही सोय १९९२ पासूनची आहे. सणाला गावी येणाऱ्या चाकरमान्याने त्यासाठी एक दिवस जादा रजा काढावी, कारण ईदच्या दिवशी तलाठी कार्यालय बंद असते.