‘साधा फ्लू’ नेमका कोणासाठी साधा?

गेल्या पावसाळ्यात मावळातल्या तिकोणा पेठेत एका घराच्या ओसरीवर बसले होते. भातलावणी आटोपली होती आणि घरोघरी कोणी ना कोणी तापाने फणफणत होतं. बचत गटाच्या कामाला गेले होते, पण बोलणं आजारपणावर गेलं. नुकताच बारावी झालेला एक तरुण म्हणाला, “ताई, कोरोनापण साधा फ्लूच होता. उगाच घाबरवलं आपल्याला.” कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगा मे २०२१ मध्ये गेला. चार दिवस ताप, मग धाप, आणि कामशेतच्या वाटेवर जीपमध्येच सगळं संपलं. चाचणी झालीच नव्हती. त्यामुळे मृत्यूच्या दाखल्यावर कोरोनाचं नाव नाही, आणि सरकारने मृतांच्या वारसांना दिलेली ५० हजारांची मदतही या घरापर्यंत आली नाही.

त्या तरुणाचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्या अनेक कार्यकर्त्यांच्या तोंडीही तो असतो. म्हणून नीट तपासू.

एखादा आजार किती घातक, हा एक भागाकार असतो. वर मेलेल्यांची संख्या, खाली लागण झालेल्यांची. दोन्ही आकडे फसवू शकतात. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले. त्या वर्षी देशात २७,२३६ रुग्ण आणि ९८१ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे शंभरात साडेतीनच्या आसपास. २०१५ मध्ये ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू, म्हणजे शंभरात सात. मग सहा वर्षांत विषाणू दुप्पट घातक झाला का? आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. सौम्य रुग्णांची चाचणी करायचीच नाही, गंभीर रुग्णांचीच करायची, असं सरकारी धोरण होतं. घरीच बरे झालेले लाखो लोक भागाकारात आलेच नाहीत. खालचा आकडा लहान राहिला की आजार असतो त्याहून भयंकर दिसतो.

उलटंही होतं. वरचा आकडा लपला की आजार सौम्य दिसतो. आजींच्या मुलाचं तेच झालं.

आता तुलना करू. दरवर्षीच्या हंगामी फ्लूने जगभरात श्वसनाच्या आजारातून सुमारे २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लागण झालेल्या हजारांत फार तर एखादा. कोविडबाबत याच संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले ते मोजलं. उत्तर आलं १ कोटी ४९ लाख. फ्लूचा वरचा अंदाज दोन वर्षांसाठी धरला तरी १३ लाख होतात. म्हणजे अकरा पटींहून जास्त, आणि तेही टाळेबंदी, मास्क आणि लसीकरण असताना. भारतापुरता या संघटनेचा अंदाज ४७ लाखांचा होता. भारत सरकारने तो अमान्य केला. सरकारी नोंद आजवर सव्वापाच लाखांच्या थोडी पुढे आहे. या दोन आकड्यांमधल्या दरीत कोण आहेत? ज्यांच्या गावात चाचणी पोचली नाही, ते.

पण ‘फ्लू’ म्हणजे किरकोळ, हे समीकरणच मुळात खोटं आहे. १९१८ ची महासाथ फ्लूचीच होती. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आजारी पडले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली. त्यातच पाऊस दगा देऊन गेला आणि धान्य महागलं. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. हजार वस्तीच्या गावात पन्नासहून जास्त तिरड्या, असा तो हिशेब होतो. मेले त्यात विशी ते चाळिशीतले कमावते हात फार होते. देशभरात १ कोटी २० लाख ते दोन कोटी मृत्यूंचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या घटली.

त्या वेळच्या मुंबई शहराचे समाजनिहाय आकडे प्रत्येक आंबेडकरी तरुणाने लक्षात ठेवावेत. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ज्यांना ‘खालच्या जातीचे’ म्हणून नोंदलं त्यांच्यात ६१.६. विषाणू एकच होता. फरक होता तो खोलीत किती माणसं झोपतात, पोटात काय आहे, पाणी कोण देणार आणि डॉक्टर दारात येणार का, याचा. सवर्णांच्या तिप्पट आणि युरोपियनांच्या सातपट मृत्यू हा विषाणूचा गुण नव्हता, समाजाचा होता.

शंभर वर्षांनी हे संपलं का? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांतल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याचं दिसलं, इमारतींमध्ये १६ टक्के. वस्त्यांत तरुण जास्त म्हणून लागण झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं, हेही खरं. पण सुरक्षित अंतर पाळायला आधी जागा लागते.

आणखी एक गोष्ट. २००९ चा तो विषाणू गेला नाही, तोच आज हंगामी फ्लूमध्ये मुक्काम करून आहे. आपल्याकडे तो पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या शेवटी डोकं वर काढतो. बहुतेकांना तो साधाच असतो. गरोदर बाई, म्हातारी माणसं, मधुमेही आणि दम्याचे रुग्ण यांना तो साधा नसतो. आणि दवाखाना डोंगरापलीकडे असला की आणखीच कमी साधा.

म्हणून वाद घालण्यापेक्षा चार कामं करू. वस्तीतल्या अशा जोखमीच्या माणसांची यादी आशाताईंसोबत बनवू. गरोदर माता आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी राज्याने २०१५ मध्ये फ्लूची मोफत लस सुरू केली होती. ती आपल्या आरोग्य केंद्रात मिळते का, हे पावसाळ्याआधी विचारू, आणि नसेल तर लेखी मागू. धाप लागली, ओठ निळे पडले, तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही, गाडी काढायची. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं. आणि चौथं, मृत्यूची नोंद २१ दिवसांत झालीच पाहिजे, आजारपणाचे कागद जपून ठेवलेच पाहिजेत. ज्याची नोंद नाही, त्याचा मृत्यू कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांनी आजार साधा की मोठा, हे विचारलं नाही. तो कोणाच्या दारात आहे आणि त्या दारात कोणी जात नाहीये, एवढंच पाहिलं.

निघताना त्या तरुणाला मी आजींच्या मुलाबद्दल काही सांगितलं नाही. तोच म्हणाला, “यादी मी करतो ताई. सुरुवात या घरापासून.”