द्राक्षांच्या गावी दोन दिवस, दोघंच

लग्नाला सात-आठ वर्षं झाली की नवरा-बायकोत काय बोलणं होतं, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. "दूध आणलंस?" "व्हॅनवाल्याचे पैसे दिलेस?" "आईंच्या गोळ्या संपल्यात." दिवसा मी ऑफिसच्या मिटिंगमध्ये असतो आणि रात्री घरच्या. म्हणून यंदा फेब्रुवारीत आम्ही ठरवलं, मुलाला आजी-आजोबांकडे ठेवायचं आणि दोन रात्री कुठेतरी जायचं. मांडू आपलं अंगणच, पचमढी दोनदा झालेलं. शेवटी नाशिक ठरलं, पण देवदर्शनाचं नाही, द्राक्षमळ्यांचं.

आता हे घरी सांगायचं कसं? माझे दोन-तीन मित्र अशा वेळी 'ऑफिसची ट्रिप' म्हणून मोकळे होतात. पस्तिशीत आल्यावर मला त्या थापांचा कंटाळा आला आहे. रात्री जेवताना सरळ सांगितलं की तिथे वाइनरी आहेत, त्या बघणार आहोत. बाबा म्हणाले, "द्राक्षं खायला चाललात की प्यायला?" मी म्हटलं, "दोन्ही." बाबा हसले. आई हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग येताना त्र्यंबकेश्वर करून या." परवानगी मिळाली, हे आम्ही समजलो.

इंदूरहून नाशिक चारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता एकच, आपला जुना आग्रा-मुंबई रस्ता. सकाळी सहाला निघालात तर थांबत-थांबत दुपारी दोन-अडीचपर्यंत पोचता. खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरला की दुकानांच्या पाट्यांवरचं 'है' जाऊन 'आहे' येतं. दर वेळी मला ते वाचून उगाच बरं वाटतं. पुढे शिरपूर, धुळे, मालेगाव आणि मग चांदवड. इथे मात्र थांबाच. अहिल्याबाईंचा रंगमहाल इथे आहे. कोरीव लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं. राजवाडा रोज बघणाऱ्या इंदूरकराला तो अनोळखी वाटत नाही.

चांदवड सोडून पिंपळगाव बसवंतकडे निघालं की दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव सुरू होतात. ही खायची द्राक्षं. वाइनची वेगळी असतात, हे मला तिथे जाऊनच कळलं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं आणि खायच्या द्राक्षापेक्षा जास्त गोड असतं. माझी समजूत उलटी होती, की आंबट राहिलेल्या द्राक्षांची वाइन करत असतील. पण यीस्ट साखर खाऊनच अल्कोहोल बनवतं. तेव्हा फळात साखर हवीच.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचावर आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, हे या पिकाला मानवतं. तरी इथे वाइन होईल असं फार वर्षं कुणाला वाटलं नव्हतं. राजीव सामंत हा स्टॅनफर्डला शिकलेला, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी केलेला माणूस. नोकरी सोडून परत आला, नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आधी आंबे, गुलाब, खायची द्राक्षं असं सगळं करून पाहिलं आणि मग वाइनच्या वेली लावल्या. 'सुला'ची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि आज गंगापूर, दिंडोरी, इगतपुरी या भागांत लहान-मोठ्या वाइनरी आहेत. आमच्या ऑफिसात शेती करण्याची स्वप्नं रोज चहाच्या वेळी पडतात. त्यातलं एक खरं झालेलं बघायला म्हणून तरी जावं.

मळ्यातून फिरवणाऱ्या मुलाने सांगितलेली एक गोष्ट डोक्यात राहिली. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते, वसंतात उठते आणि तिथली तोडणी सप्टेंबरच्या सुमारास होते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यात खरड छाटणी, तिच्यानंतर काड्या तयार होतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाची तयारी होते. पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यानंतर घड लागतात. तोडणी जानेवारी ते मार्च. "आपल्याकडे वेलीला सुट्टी नसते," तो म्हणाला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी ओळीच्या टोकाला लावलेल्या गुलाबाकडे बघितलं. हे गुलाब शोभेचे नाहीत म्हणे. भुरी रोग आधी गुलाबावर दिसतो, मग शेतकरी वेलींसाठी सावध होतो, अशी जुनी रीत आहे.

मग टेस्टिंग. पाच-सहा प्रकार, प्रत्येकाचा जेमतेम घोट-दोन घोट, आधी पांढरी, मग लाल. बायको पीत नाही. मुळात ती वास घ्यायला आणि माझी गंमत बघायला बसली होती. पण सोव्हिन्यॉं ब्लां नावाच्या वाइनचा ग्लास नाकाशी धरून ती म्हणाली, "शिमला मिरची कापल्यावर येतो तसा वास आहे." सांगणारा मुलगा खूश. या द्राक्षाची ती ओळखच आहे, पुस्तकातही तसंच लिहितात म्हणाला. मी तोपर्यंत "छान आहे" एवढंच म्हणत होतो. रोज फोडणीपाशी उभं राहणाऱ्या नाकापुढे आमचं बीई काय चालणार! लाल वाइनला जो जिभेला ओढणारा गुण असतो, त्यासाठी तो मुलगा इंग्रजी शब्द शोधत होता. तिने सांगून टाकलं, "तुरट. जांभळासारखं." काळ्या द्राक्षाचा रसही आतून फिकाच असतो, रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरी साल काढून.

एक सांगून ठेवतो. दिवसाला एक टेस्टिंग पुरे. दुसऱ्यात जिभेला काही कळत नाही, नुसतं पिणं होतं. आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही. आम्ही गाडी खोलीवरच ठेवून रिक्षा केली होती.

संध्याकाळी गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी बसलो. गोदावरीचं पाणी, पलीकडे डोंगर, वारा. ऑन-कॉलचा फोन दोन दिवसांसाठी सहकाऱ्याकडे दिलेला होता, त्यामुळे खिशात काही थरथरत नव्हतं. पहिला अर्धा तास आम्ही मुलाबद्दलच बोललो. मग तेही संपलं आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मला जरा भीतीच वाटली, की आपल्याकडे बोलायला आता दुसरं काही उरलंय का.

मग ती म्हणाली, "मला स्वतःचं क्लिनिक काढायचंय."

ती फिजिओथेरपिस्ट आहे. मूल झाल्यावर हॉस्पिटलची नोकरी सोडून सकाळी दोन-तीन पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम देते. क्लिनिकचा विषय आधीही निघाला होता, पण ओट्यापाशी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. मी नेहमीप्रमाणे पैशांचं सुरू केलं. डिपॉझिट किती, मशिनं कुठली, भाडं परवडेल का. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पैशांचं मी बघितलंय. परवानगीही नकोय. मला तुझे संध्याकाळचे तीन तास हवेत. पेशंट संध्याकाळीच येतात."

माझे संध्याकाळचे तीन तास म्हणजे अमेरिकेतल्या टीमबरोबरचे कॉल. ते नोकरीचा भाग आहेत आणि तिचं क्लिनिक ही हौस, असं मी मनात धरलं होतं का? तिने विचारलं नाही, पण प्रश्न तिथे बसलेला होताच. अंधार पडेपर्यंत आम्ही त्यावर बोललो. थोडं भांडलोही. आईंवर किती टाकायचं यावर आमचं आजही एकमत नाही. ती म्हणते, आईंना विचारून घेऊ. मी म्हणतो, विचारलं तर आई नाही म्हणणारच नाही, मग त्या विचारण्याला अर्थ काय? हे बोलणं घरी झालं नसतं. घरी आई शेजारच्याच खोलीत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली. नाशिकला जाऊन ती न खाणं शोभत नाही. पोह्यांवर वाढलेल्या आम्हा इंदूरकरांना सकाळी सकाळी एवढं तिखट जरा जड जातं, पण शेव आहे म्हटल्यावर निभतं. मग त्र्यंबकेश्वर केलं, आईला शब्द दिला होता. दुपारी नुसते झोपलो. कुणीही उठवलं नाही.

जाणार असाल तर जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात हा काळ धरा, तेव्हा वेलींवर घड असतात आणि काम चालू असतं. शनिवार-रविवार टाळा. त्या दिवशी मुंबई-पुणं तिथे लोटतं आणि तुम्हाला द्राक्षांऐवजी सेल्फी काढणारी माणसं दिसतात. आम्ही सोमवार-मंगळवार रजा टाकली, मळा जवळजवळ आमचाच होता. मोठ्या नावांपेक्षा एखाद्या लहान वाइनरीतही जा, तिथे सांगणाऱ्याला वेळ असतो. पीत नसलेल्यांनीही खुशाल जावं. तिथे द्राक्षाचा रसही मिळतो, आणि बघण्या-ऐकण्यासारखं पुष्कळ असतं. बाटल्या आणायच्या तर दारूचे नियम राज्यागणिक वेगळे, ते आधी बघून घ्या. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. पिंपळगावला द्राक्षांची पेटी आणि दोन किलो मनुका घेतल्या. पेटी उघडून बाबांनी विचारलं, "यातली प्यायची कुठली?"

मंगळवार, बुधवार आणि शुक्रवारचे कॉल मी सकाळवर ढकलून घेतलेत. अमेरिकेतल्या टीमने आठवडाभर कुरकुर केली, मग सवय झाली. गुढीपाडव्याला क्लिनिक सुरू झालं. त्या तीन संध्याकाळी वरण-भात माझ्याकडे असतो, आणि सोमवार-गुरुवारचं काय करायचं, ते अजून ठरायचंय.