सव्वा तासाचें गणित

आमचे धाकटे चिरंजीव लंडनास असतात, नात पॅरिसला शिकते. परवां चिरंजीवांची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हां नात काकांकडे निघाली. तिकिटावर विमान सुटण्याची वेळ दहा, पोंचण्याची सव्वादहा! येथें शेवगांवीं तिची आजी घड्याळाकडे पाहत बसली. दोन तास उलटले तरी निरोप नाहीं. तिनें देव पाण्यांत घातले.

मग मीं पाटी घेतली. लंडनचें घड्याळ पॅरिसच्या एक तास मागें. म्हणून पंधरा मिनिटें दिसतात तो वस्तुतः सव्वा तास. हवाई अंतर सुमारें ३४५ किलोमीटर. ताशीं ८०० च्या वेगानें अर्धा तासही लागूं नये. परंतु धांवपट्टीपर्यंत जाणें, चढणें, उतरणें यांतच उरलेला वेळ जातो. पुढें पारपत्राची तपासणी, सामान, आणि शहराबाहेरील विमानतळापासून घर गांठणें निराळेंच.

तीन तासांनीं निरोप आला, "पोंचलें. काका बरे आहेत." आजीनें डोळे पुसले.

वाचकहो, मुलें प्रवासास निघालीं म्हणजे उड्डाणाचा काल विचारूं नये. या दारापासून त्या दारापर्यंतचा विचारावा. आणि मुलांनींही विमानांतून उतरतांच दोन शब्द कळवावे. वाट पाहणाऱ्याचें घड्याळ फार हळू चालतें.