गोळी आणि अंगठा

माझ्या एका जुन्या रुग्ण आजींची नात महाविद्यालयात डिझाइन हा विषय शिकते. चित्रे काढायला मिळतील, या समजुतीने तिने तो घेतला होता. पहिलेच काम मिळाले ते असे : घरातील वृद्ध व्यक्तीचे दिवसभर निरीक्षण करा, मदत नको, सल्ला नको, फक्त टिपून ठेवा. "आजी स्ट्रिपशी झगडत असताना हात बांधून बसणे सर्वांत अवघड गेले," असे ती मला सांगत होती.

अंगठ्याच्या संधिवातामुळे आजींना रक्तदाबाची गोळी दाबून बाहेर काढता येत नसे. सून घरी नसली की त्या दिवशीची गोळी राहून जाई. मी मात्र वाढलेला दाब पाहून मात्रा वाढवण्याच्या विचारात होतो! तसे केले असते, तर गोळी घेतलेल्या दिवशी दाब फार उतरून त्या तोल जाऊन पडल्याही असत्या. "गोळ्या घेता ना?" असे मी विचारले होते. त्या संकोचाने "हो" म्हणाल्या होत्या.

अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नीच्या संधिवातामुळेच जाड, मऊ मुठीचे सोलाणे करवून घेतले. ते १९९० साली बाजारात आले. नातीने नवे काही घडवले नाही. रविवारी आठवड्याच्या गोळ्या रुंद खणांच्या डबीत भरायच्या, एवढेच तिने ठरवले. काही गोळ्या दमट हवेने खराब होतात. त्यामुळे आधी औषधविक्रेत्याला विचारावे आणि नाव व मुदत छापलेली स्ट्रिप जपून ठेवावी.

हल्ली मी रुग्णांना माझ्यासमोरच गोळी काढून दाखवायला सांगतो.