कारकुनी विद्या आपल्या घरांत आली पाहिजे



गेल्या आठवड्यांत आमच्या गांवच्या एका कुंभारदादांनीं मला वाटेंत अडवून विचारलें, "गुरुजी, पोरगी दहावी पास झाली. आय. टी. आय. मध्यें जाऊन लघुलेखन अन् कचेरीचं काम शिकायचं म्हणते. मातींत वाढलेली पोर, तिला हें जमल का?" त्यांना मीं जें सांगितलें, तेंच येथें लिहितों.

लेखणी ज्याच्या हातीं, गांव त्याच्या हातीं, हें आपल्या वाडवडिलांनीं सोसून पाहिलें आहे. सारा किती, कर्ज किती, अंगठा कशावर उठविला, सगळें दुसऱ्याच्या दप्तरांत! म्हणूनच १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें मागितलें कीं, प्राथमिक शाळेंत मोडी व बालबोध, हिशेब आणि शेतीचें ज्ञान शिकवावें. १९०२ सालीं शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखल्या. १९१८ सालीं कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. जागा राखणारे राखून गेले. त्या जागेवर बसण्याची विद्या मात्र आपणच मिळवावयाची आहे.

ही विद्या म्हणजे नुसतें बोटें बडविणें नव्हे. आय. टी. आय. चा हा अभ्यास एक वर्षाचा. त्यांत लघुलेखन, संगणकावर टंकलेखन, पत्रव्यवहार, आल्यागेल्या कागदाची नोंद व फाइली लावणें येतें. सरकारी लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा टंकलेखनाचा वेग लागतो. लघुलेखनाचा वेग निम्न श्रेणीच्या लघुलेखकास १०० व उच्च श्रेणीच्या लघुलेखकास १२० शब्दांचा लागतो. हा वेग जन्मानें येत नाहीं, रोजच्या सरावानें येतो. चाकावर हात बसावयास किती दिवस लागतात, हें कुंभाराला कोणीं सांगावें?

पण फसूं नका. प्रमाणपत्र मिळालें म्हणजे नोकरी मिळाली, असें नाहीं. सरकारी लिपिकाला पदवी लागते, स्पर्धापरीक्षा द्यावी लागते, आणि संगणक आल्यापासून पुष्कळ साहेब आपलीं पत्रें आपणच टंकित करतात. म्हणून "पोराला चिकटवून देतों" असें म्हणून लाख मागणाऱ्याच्या नादीं लागून रान विकूं नका.

मग शिकून उपयोग काय? सातबाऱ्यावरील चुकीची नोंद, पीकविम्याचा अर्ज, दूधसंस्थेचें इतिवृत्त, २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा कागद, यांसाठीं आज आपण दुसऱ्याच्या दारांत बसतों व शंभराची नोट मोजतों. घरांत एक लिहिणारें माणूस असेल, तर हें दार चुकतें. नोकरी लागली तर उत्तमच. न लागली तरी ती मुलगी घरची व गल्लीची कारकून होईल.

शिकणाऱ्या मुलांना एकच सांगणें. उद्यां खुर्ची मिळाली, तर समोर उभ्या असलेल्या धोतरवाल्याला "उद्यां या" म्हणूं नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित कामांस मुदत बांधली आहे. ती पाळा. नाहीं तर जुना कुळकर्णी गेला आणि आपल्याच घरचा नवा आला, एवढेंच होईल.

कुंभारदादा तेव्हां कांहीं बोलले नाहींत. काल मात्र मुलीला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यावयास आले. आपणही या.